दुसऱ्या सिलिंडरातला गंज

इंजिनाचा ब्लॉक गॅरेजवाल्या उस्तादांच्या ताब्यात देण्याआधी मी त्याच्यावर तीन ठिपके काढले. मुलीची नखांना लावायची लाल बाटली घेतली आणि मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जोडतात त्या कडेखाली, तिळाएवढे तीन ठिपके एका ओळीत दिले. इंजिनाचा नंबर वहीत लिहून घेतला होता, त्याचा फोटोही काढला होता. पण नंबर घासून दुसरा ठोकता येतो. ठिपके कुठे आहेत हे फक्त मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅरेजात गेलो तर त्या तीन ठिपक्यांभोवती खडूने गोल काढलेला होता. उस्ताद एका नटाशी झटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी सव्वीस वर्षं घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचतो. या कामात माणूस संशयी होतो की संशयी माणसालाच हे काम जमतं, ते मला सांगता येणार नाही. मीटरवर चुंबक ठेवणारे, सील तोडून पुन्हा चिकटवणारे, मी येताना दिसलो की घाईने वायर ओढून घेणारे, हे सगळं पाहून झालं आहे. चहा कोण प्रेमाने देतं आणि कोण थांबवून ठेवायला देतं, ते मला कपाच्या आधी कळतं. तेव्हा गॅरेजवाल्यावर विश्वास ठेवणं मला जमलं नाही, यात त्याचा दोष नव्हता.

ब्लॉक आमच्या वडिलांच्या जीपचा. वडील कमलनगरहून आजूबाजूच्या गावांना माणसं नेत. ते गेल्यावर अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, दोन वर्षं जीप चालवली. मग इंजिन धूर मारायला लागलं. कमलनगरच्या एका मेस्त्रीने ते खाली उतरवलं, वरचं झाकण, म्हणजे हेड, काढलं आणि तो गाव सोडून गेला तो गेलाच. जीप गोठ्याशेजारी उभी राहिली. ब्लॉक, आतल्या पिस्टनांसकट, दोन लाकडी ओंडक्यांवर पत्र्याच्या शेडमध्ये राहिला. त्याला नऊ वर्षं झाली.

या उन्हाळ्यात अण्णाचा फोन आला. शेडमध्ये कडबा कापायचं यंत्र बसवायचं आहे, जागा पाहिजे, भंगारवाला शुक्रवारी येणार आहे. मी म्हटलं, थांब. थोडी वादावादी झाली आणि ठरलं ते असं: मी ब्लॉक बीदरला नेऊन तपासून घ्यायचा. तो वाचत असेल तर जीप बांधायची. वाचत नसेल तर ब्लॉक आणि जीप दोन्ही भंगारात, आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. दुसरा ब्लॉक आणून बसवणं मला मान्य नव्हतं. कागदावर नंबर या ब्लॉकचा आहे. आणि कागद बाजूला ठेवला तरी, वडिलांनी तीस वर्षं ज्याचा आवाज ऐकून गाडी हाकली ते इंजिन हेच होतं.

अण्णा इतक्या लवकर कसा कबूल झाला, याचाही मला संशय आला.

उस्तादांचं गॅरेज नौबादला, माझ्या घरापासून आठशे वीस पावलांवर. साठीचे, सडपातळ, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. माझ्याशी मराठीत बोलत आणि काम अडलं की दखनीवर येत. त्यांनी साखळीच्या कप्पीने ब्लॉक उचलून टेबलावर घेतला आणि अर्धा तास नुसते त्याच्याभोवती फिरले. पितळी ब्रशने थोडं घासायचं, बोटाने चाचपायचं, लहान हातोडीने टिचकी मारून कान द्यायचा.

बाहेरून ब्लॉक भयंकर दिसत होता. गंजाचे पापुद्रे सुटत होते, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटांत लाल माती घट्ट बसलेली, एका भोकात गांधीलमाशीचं घर. मी धसकलो होतो. उस्ताद म्हणाले, बाहेरचा गंज कुणी विचारत नाही, ओतीव लोखंडाला तो होणारच. आत काय आहे ते बघायचं.

आत चार सिलिंडर. पहिला आणि चौथा पिस्टन वर आलेले, दुसरा आणि तिसरा खाली गेलेले. म्हणजे मधल्या दोन्हींत आठ सेंटिमीटर खोल विहीर तयार झालेली. खालून क्रँक सोडवून काढल्यावर पहिला, तिसरा आणि चौथा पिस्टन लाकडी दांड्याच्या ठोक्यांनी निघाले. दुसरा हलला नाही.

मग डिझेल आणि ब्रेक ऑइल मिसळून त्या विहिरीत ओतलं आणि वाट बघायला लागलो. मी रोज संध्याकाळी जायचो. तेलाची पातळी पट्टीने मोजायचो. पहिल्या तीन दिवसांत ती जराही उतरली नाही, म्हणजे तेल पिस्टनच्या कडेने झिरपतच नव्हतं. चौथ्या दिवशी दोन मिलिमीटर उतरली. उस्तादांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, माझ्या बापाने पण असं मोजलं नसेल. मला वाटलं, मी रोज येतो ते यांना आवडत नाही. ज्याला काही लपवायचं नसतं त्याला कुणी आल्याचा त्रास होत नाही, असं माझं तेव्हाचं मत होतं.

अकराव्या दिवशी पिस्टन सुटला. उस्तादांनी तो तसाच, वरच्या काळ्या राबडीसकट, रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवला. आम्ही बोअर, म्हणजे सिलिंडरांच्या आतल्या भिंती, बघायला लागलो.

मी माझा व्हर्निअर घेऊन गेलो होतो. उस्तादांनी तो हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि परत दिला. त्याने फक्त तोंडाचं माप येतं, आत कुठे झीज झाली आहे ते कळत नाही. त्यांच्याकडे घड्याळाच्या तबकडीचा बोअर गेज होता. प्रत्येक सिलिंडरची वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवी आणि उभी, अशी सहा मापं. चारांची चोवीस. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मग मी म्हटलं, आता मी बघतो, तुम्ही लिहा. त्यांनी गेज माझ्या हातात दिला. चोवीसपैकी बावीस आकडे जुळले. दोनांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक आला. ते दोन पुन्हा घेतले तर चूक माझी निघाली.

पहिला, तिसरा, चौथा ठीक होते. झीज होती, गंजाची तांबूस साय होती, पण बोरिंग करून अर्ध्या मिलिमीटरने मोठं केलं की साफ होतील इतकीच. दुसऱ्यात मात्र वरून साधारण सहा सेंटिमीटरपासून आठपर्यंत एक पट्टा होता, लोखंड कुणी चावून खाल्ल्यासारखा. सुईने खड्डे मोजले. सर्वांत खोल खड्डा सात दशांश मिलिमीटर निघाला. बोरिंग करून तो जाणार नव्हता. तो सिलिंडर मोठा पोखरून त्यात नवी नळी, स्लीव्ह, ठोकावी लागणार होती. आणि ती तरी बसवता येईल की नाही, हे भिंतीला आरपार चीर गेली आहे का यावर अवलंबून होतं.

मी घरी येऊन ते आकडे पुन्हा पुन्हा बघितले. त्यातली एक गोष्ट मला सोडेना. शेडचा पत्रा गळून पावसाचं पाणी आत गेलं असेल, तर ते दुसऱ्यात आणि तिसऱ्यात सारखं जायला हवं. दोन्ही पिस्टन एकाच उंचीवर खाली होते, दोन्ही विहिरी शेजारीशेजारी. तिसऱ्यात खड्डा नाही आणि दुसऱ्यात सात दशांश. पाऊस असा निवडून पडत नाही. याचा अर्थ एकच होता. कुणीतरी दुसऱ्या सिलिंडरात पाणी ओतलं होतं, आणि एकदा नाही, वारंवार.

आणि नऊ वर्षं ब्लॉक एकाच माणसाच्या ताब्यात होता.

रविवारी मी गावी गेलो. कमलनगरला उतरून पुढे दुसऱ्याच्या जीपने, मागे लटकत. अण्णा बांधावर होता. मी वही उघडून त्याला आकडे दाखवले, दोन विहिरींचं चित्र काढून दाखवलं. त्यानं वहीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघत राहिला.

"म्या त्यात पाणी वतलो म्हणायलास व्हय?"

मी म्हटलं, मी तसं म्हणत नाही. मी फक्त विचारतो आहे की शेडमध्ये कोण कोण जातं.

"मग कामून आलास एवढ्या लांब? फोन हाय की. तोंड बघायला आलायस, मीटर बघायलास तसं."

हे खरंच होतं. मी तोंड बघायलाच गेलो होतो. त्याच्या तोंडावर राग होता, पण राग दोन्ही प्रकारच्या माणसांना येतो. फावडं उचलून तो पाण्याच्या मोटारीकडे गेला.

वहिनीने जेवायला वाढलं. मी तिलाही विचारलं, जरा आडून. ब्लॉकवर काय झाकलेलं असायचं, ते कोण काढायचं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "झाकायला जाड पत्रा, वर दोन दगडं. वर्साला एकदाच निघतो भावजी, तुम्ही पूजेला येताव तवा. बाकी कोण कशाला हात लावायलंय त्याला?"

मला वाटलं, ही नवऱ्याला वाचवते आहे. मी "हं" म्हणालो आणि वहीत लिहिलं: पत्रा, दोन दगड.

पुढच्या संध्याकाळी गॅरेजात गेलो तर उस्तादांनी तो पिस्टन रॉकेलमधून काढून फडक्यावर ठेवला होता. त्याच्या माथ्यावर अर्ध्या बोटाचा थर होता, गुळाच्या ढेपेसारखा कडक आणि तपकिरी. ते बोथट पटाशीने तो खरवडत होते. मला बघून थांबले आणि हातानेच बसायची खूण केली. बाजूला वर्तमानपत्राचा तुकडा होता आणि त्यावर थरातून निघालेल्या वस्तू त्यांनी एका ओळीत मांडून ठेवल्या होत्या. राठ, काळपट धाग्यांचा एक पुंजका. अंगठ्याच्या नखाएवढा, एका बाजूने वाकलेला कठीण टवका. आणि काळे पडलेले तीन दाणे. मी एक दाणा हातात घेऊन नखाने खरवडला. आतून तो पांढरा होता. तांदूळ.

"बारिश का पानी ऐसा नै काटता, साब," उस्ताद म्हणाले. "इसपे नारियल कौन फोड्या?"

मी त्या टवक्याकडे बघत राहिलो. ती करवंटी होती.

आमच्याकडे खंडेनवमीला, म्हणजे इकडच्या आयुधपूजेला, प्रत्येक अवजाराची पूजा होते. विळा, नांगर, शिलाई मशीन, सगळ्यांची. जीपची पूजा वडील करत. धुऊन, पुसून, हार घालून झाला की पुढच्या बंपरला एक लोखंडी हूक होता त्यावर ते नारळ आपटत. त्यांचा एक दंडक होता: पाणी यंत्रावरच पडलं पाहिजे, जमिनीवर नाही. जमिनीवर पडलं तर यंत्राला काय मिळालं? ते नारळ दोन्ही हातांत धरून, पाणी सांडू न देता, बॉनेटवर ओतत.

ते गेल्यावर हा मान माझ्याकडे आला. अण्णाला पूजेचं फारसं नाही. मी मात्र दरवर्षी त्या दिवशी बीदरहून जायचो, एकदाही चुकलो नाही, आणि तसं चारचौघांत सांगायचोही. इंजिन खाली आल्यावर मला वाटलं, पूजा इंजिनाची असते, रिकाम्या जीपची नाही. म्हणून पत्रा काढून ब्लॉकला हळदीकुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या. नारळ फोडायला एक कडक कड पाहिजे. हेडचे बाकी बोल्ट मेस्त्रीने काढून नेले होते. एकच उभा राहिला होता, निघाला नाही म्हणून. दुसऱ्या सिलिंडराच्या काठावरचा. मी त्याच्यावरच नारळ आपटायचो. आणि पाणी जमिनीवर पडू नये म्हणून दोन्ही हात धरून आत ओतायचो, शेवटच्या थेंबापर्यंत. मग पाया पडून पत्रा झाकायचो, हवाबंद, वर दोन दगड.

नऊ खंडेनवम्या, नऊ नारळ. एका नारळाचं पाणी दीड कप धरलं तरी साडेतेरा कप. आणि साधं पाणी नाही, गोड, खारट, चिकट. मी हे गणित तिथे बाकड्यावर बसूनच केलं, वहीशिवाय.

उस्तादांनी कागदाची पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. मीच सांगितलं. ऐकून ते म्हणाले, त्यांच्याकडे एकाने नव्या ट्रकच्या एअर फिल्टरमध्ये लिंबू ठेवलं होतं, तेही श्रद्धेनेच. आणि चीर आहे की नाही ते उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. त्याआधी कधी देवाकडे काही मागितलं असेल तर आठवत नाही, आणि त्या दिवशी मागायला तोंड नव्हतं. ठरल्याप्रमाणे, ब्लॉक फुटका निघाला तर सगळं भंगारात जाणार होतं. आणि ते अण्णामुळे नव्हे, माझ्या हाताने.

आधी खडूची परीक्षा झाली. उस्तादांनी दुसऱ्या सिलिंडरात रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड लावली. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं रॉकेल पांढऱ्या पुडीवर काळी रेघ काढतं. आम्ही दोघं बॅटरी धरून बघत राहिलो. खड्ड्यांत ओल दिसली, रेघ दिसली नाही. उस्ताद म्हणाले, याच्यावर मी विश्वास ठेवत नाही, बारीक चीर यात लपते.

मग ब्लॉकच्या पाण्याच्या सगळ्या वाटा रबर आणि लोखंडी पट्ट्यांनी बंद केल्या. आत पाणी भरलं आणि हवेच्या पंपाने दाब दिला. चार किलोवर व्हॉल्व्ह बंद केला. दाब दाखवणारा काटा एका तबकडीवर होता.

"मीटरवाले," उस्ताद म्हणाले, "काटा तुम्ही बघा. अर्धा तास." आणि ते दुसऱ्या गाडीखाली शिरले.

मी स्टूल ओढून बसलो. सव्वीस वर्षांत इतका वेळ मी एकाही मीटरसमोर बसलो नव्हतो. दहा मिनिटं काटा चारवर. बाराव्या मिनिटाला मला तो जरा खाली वाटला. मान तिरकी केली तर चारवर, सरळ केली तर खाली. पंधराव्या मिनिटाला शंका उरली नाही. तो चारच्या रेघेला सोडून केसभर खाली आला होता. मी हाक मारली. ते आले.

त्यांनी आधी सिलिंडरात बोट फिरवलं. बोट कोरडं. मग सगळ्या पट्ट्यांवर साबणाचं पाणी लावलं. मागच्या बाजूच्या पट्टीखाली, माझ्या तीन लाल ठिपक्यांपासून चार बोटांवर, एक बुडबुडा फुगला. मग दुसरा. रबर नीट बसलेलं नव्हतं. त्यांनी नट आवळले, पुन्हा दाब दिला आणि म्हणाले, पहिल्यापासून मोजा. मी पहिल्यापासून मोजलं. तीस मिनिटं काटा हलला नाही. मी आणखी दहा मिनिटं बसून राहिलो, मग उस्तादांनीच व्हॉल्व्ह उघडला.

बोरिंगसाठी ब्लॉक चिटगुप्प्याला गेला. मालवाहू रिक्षात मी ब्लॉकशेजारी बसून गेलो आणि बसूनच परत आलो. सवय अशी एका आठवड्यात जात नाही. दुसऱ्या सिलिंडरात स्लीव्ह बसली, बाकीचे तीन अर्ध्या मिलिमीटरने वाढले. परत आल्यावर मी गेज मागितला, तो उस्तादांनी आधीच काढून ठेवला होता.

अण्णाला मी फोनवर सांगितलं नाही. गावी गेलो, ती पुडी त्याच्यासमोर उघडली. त्यानं करवंटीचा तुकडा उचलून उजेडात धरला, धाग्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तो हसला, आणि मग त्यानं जे सांगितलं ते मी अजून पचवतो आहे.

"पाणी आत जायलंय हे म्या दरसाल बघायलोतो की."

मग बोलला का नाहीस, असं मी विचारलं.

"डोळे झाकून हात जोडून असतास तू. त्यात काय बोलायचं माणसानं?"

वहिनी आतून म्हणाली, "हे बोलले असते तर तुम्ही ऐकले असते का भावजी? म्हणले असते, ह्याच्या मनात काय तरी हाय."

मी असंच म्हटलं असतं. याबद्दल मला शंका नाही. पण भंगारवाल्याला फोन करताना, आणि नंतर इतक्या लवकर कबूल होताना, आतल्या पाण्याचं अण्णाला आठवलं होतं की नव्हतं, हे मला माहीत नाही. विचारायला मी तोंड उघडलं होतं. मग पुडी बांधून खिशात ठेवली आणि त्याला विचारलं, कडबा कापायचं यंत्र कुठे बसवणार आहेस. शेडमध्ये त्यानं जागा दाखवली. आम्ही दोघांनी टेप धरून ती मोजली.

या खंडेनवमीला जीप अंगणात उभी होती, आपल्या इंजिनासकट, बॉनेट बंद. वहिनीने ताट आणलं. मी हार घातला, कुंकू लावलं. नारळ हातात घेतला तसा अण्णा पुढे आला, माझ्या कोपराला धरून त्यानं मला पाच पावलं बाजूला नेलं आणि पायरीच्या दगडाकडे बोट केलं.

मी दगडावर नारळ फोडला. पाणी जमिनीवर गेलं. वडिलांना ते आवडलं नसतं.

अण्णा किल्ली घेऊन आत बसला. तो सुरू करायच्या आधी मी जाऊन बॉनेटची कडी पुन्हा एकदा ओढून बघितली. काचेतून तो माझ्याकडे बघत होता. मी दुसरी कडीही ओढून बघितली.